निग्रो कुठे खोडायचा आणि कुठे ठेवायचा : मराठी संपादक-अनुवादकांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या वृत्तसंपादकांना, प्रकाशकांना, अनुवादकांना आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

मागणी सुरुवातीलाच सांगून टाकते. अमेरिकेतल्या किंवा आफ्रिकेतल्या काळ्या माणसांबद्दल आज, स्वतःच्या तोंडाने लिहिताना 'निग्रो' हा शब्द वापरणं थांबवा. आणि ज्या काळात, ज्या माणसाच्या तोंडी तो शब्द खरोखर होता, तिथे तो खोडू नका.

अनुवादित पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम. त्यामुळे या दोन्ही चुका रोज नजरेखालून जातात, कधी कधी तर एकाच प्रकरणात. अमेरिकेतल्या २०२० सालच्या 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' आंदोलनाबद्दलच्या मजकुरात 'निग्रो तरुण' येतो, आणि पुढच्याच पानावर १९६३ सालचे मार्टिन ल्यूथर किंग आपल्या लोकांना 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणताना दिसतात. किंग तसं म्हणाले नव्हते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून बोलताना त्यांनी 'निग्रो' हाच शब्द पुन्हा पुन्हा वापरला. समोर अडीच लाखांच्या आसपास लोक होते. तेव्हा तो सभ्य, भारदस्त, सभेत वापरायचा शब्द होता. आणखी पाच वर्षांनी तरुण पोरं तोच शब्द उच्चारणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे डोळे वटारून पाहू लागली होती.

आपल्याकडे यावर ठरलेला शेरा असतो : 'यांचं काय, दर दहा वर्षांनी नवं नाव. आपण कुठवर लक्षात ठेवायचं?' म्हणून जरा मागे जाऊ या, कारण प्रत्येक बदलाला कारण होतं आणि ते कारण बहुतेक वेळा बाहेरून आलं होतं.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि अब्सलोम जोन्स यांनी मुक्त झालेल्या काळ्या लोकांची परस्परसाहाय्य संस्था काढली. तिचं नाव फ्री आफ्रिकन सोसायटी. १८१६ मध्ये ॲलन यांच्याच पुढाकाराने जे स्वतंत्र चर्च उभं राहिलं, त्याच्याही नावात 'आफ्रिकन' आहे. त्या पिढीने हे नाव मिरवलं. पण त्याच वर्षाच्या अखेरीस काही प्रतिष्ठित गोऱ्यांनी अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी स्थापन केली. मुक्त काळ्यांना जहाजात बसवून आफ्रिकेत नेऊन सोडायचं, हा तिचा कार्यक्रम. लायबेरिया त्यातूनच वसला. आता 'आम्ही आफ्रिकन' म्हटलं, की समोरचा म्हणणार, 'मग जा की तिकडेच.' जे लोक अमेरिकेत जन्मले, ज्यांच्या बापजाद्यांनी तिथलीच जमीन कसली, त्यांना अभिमानाचा शब्द एकाएकी धोक्याचा वाटू लागला. १८३५ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या त्यांच्या परिषदेने ठराव केला : संस्थांच्या नावांतून, चर्चच्या संगमरवरी पाट्यांवरून 'आफ्रिकन' काढून टाका. त्याच ठरावात 'कलर्ड' हा शब्दही सोडावा असं म्हटलं होतं. तो मात्र कुणी सोडला नाही, उलट पुढची कित्येक दशकं तोच चालला. ठरावांचं असं होतं.

१९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी जी सर्वांत मोठी संघटना उभी राहिली, तिच्या नावात म्हणूनच 'कलर्ड पीपल' आहे. संघटनेने ते आजही बदललेलं नाही, आणि त्या नावाचा कुणाला अपमान वाटत नाही. मात्र तोच शब्द नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क यांनी खासदारांच्या समितीपुढे बोलताना काळ्या खेळाडूंसाठी वापरला, आणि त्याच दिवशी त्यांना पद सोडावं लागलं. इकडे दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या परिसरातल्या एका मोठ्या समाजाचं 'कलर्ड' हे आजही स्वतःचं, अधिकृत नाव आहे. आपल्या क्रीडा पानांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. तिथल्या एखाद्या क्रिकेटपटूची ओळख 'कलर्ड समाजातला' अशी आली तर उपसंपादकाने घाबरून ती बदलायची नसते.

'निग्रो' हा शब्द वर आणला तो काळ्या लेखकांनी आणि वृत्तपत्रांनीच. इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर मोठं छापावं, यासाठी त्यांनी पन्नासेक वर्षं भांडण केलं. जर्मन, आयरिश, ज्यू यांना मोठं अक्षर मिळतं, मग आम्हालाच का नाही, हा त्यांचा प्रश्न. ७ मार्च १९३० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही मागणी मान्य केली आणि लिहिलं, की हा नुसता छपाईतला फेरफार नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या लहान अक्षरात राहिलेल्यांच्या स्वाभिमानाची ही दखल आहे. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. त्यामुळे हे सगळं भांडण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढून निसटून गेलं, आणि जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने 'ब्लॅक' शब्दाला मोठं अक्षर द्यायचं ठरवलं तेव्हाही ती बातमी मराठीत कशी द्यावी हा प्रश्नच पडला असणार. अशा ठिकाणी एक वाक्य जास्तीचं लिहावं लागतं. जागा नसते, हे मला ठाऊक आहे. तरी लिहावं लागतं.

आता ज्यासाठी मी खरं हे पत्र लिहायला बसले तो मुद्दा. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. एक 'निग्रो', जो १९६० च्या दशकापर्यंत आदराने वापरता येत होता. दुसरा त्याच्याच मुळातून फुटलेला, पण मालकाच्या, मुकादमाच्या, जमावाच्या तोंडचा, ज्याला आज इंग्रजी वृत्तपत्रं नुसतं 'एन-वर्ड' म्हणतात. तो ऐकत माणसं विकली गेली, फटके खात राहिली, झाडाला टांगली गेली. मराठी अनुवादात या दोन्हींना 'निग्रो' लिहितात. शंभरातल्या नव्वद ठिकाणी, असं माझ्या टेबलावरच्या अनुभवावरून म्हणते.

याने काय होतं ते पाहा. समजा दक्षिणेतल्या एखाद्या गावातला प्रसंग आहे, साल १९३५. शेरीफ दारात उभा राहून काळ्या शाळामास्तरला तो दुसरा शब्द वापरून हाक मारतो. मास्तर शांतपणे उत्तर देतो, 'या गावात निग्रो मुलांसाठी एकच शाळा आहे, साहेब.' मूळ वाचकाला इथे एक चकमक दिसते : एकाने चिखल फेकला, दुसऱ्याने ताठ मानेने आपलं नाव सांगितलं. मराठीत दोघंही 'निग्रो' म्हणतात. चकमक गेली, मास्तरचा ताठा गेला, राहिलं ते शाळेबद्दलचं रटाळ संभाषण. वर आजचा वाचक म्हणतो, मास्तर स्वतःलाच शिवी का देतोय? अनुवादकाची भाषा चांगली असते, वाक्यं वाहती असतात, आणि तरी कथेचा कणा मोडलेला असतो.

शिवीला शिवीच द्या. मराठीत ती नाही असं कृपा करून म्हणू नका. 'काळतोंड्या', 'काळ्या', 'ए काळ्या' : स्वर आणि प्रसंग पाहून यातलं काही चालतं, काही चालत नाही. जिथे चालत नाही तिथे मूळ शब्द देवनागरीत ठेवून प्रस्तावनेत दोन ओळी लिहा. कुठलाही मार्ग घ्या, पण मास्तर आणि शेरीफ यांच्या तोंडी एकच शब्द घालू नका.

कुणी म्हणेल, मग जोतीरावांचं काय? १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना उद्देशून आहे आणि तिच्या इंग्रजीत 'निग्रो' आहेच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत आणि संपादक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र पाठवलं, त्यातही अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती यांत इतकं साम्य आहे की पहिलीचा अभ्यास करणं आवश्यकच ठरतं, असं लिहिलं. दोघांनीही आपापल्या काळातला योग्य शब्द वापरला. डु बॉइस स्वतः आयुष्यभर तोच शब्द वापरत होते आणि जुलै १९४६ मध्ये त्यांनी बाबासाहेबांना आपुलकीचं उत्तर पाठवलं. फुले-आंबेडकरांचा मजकूर छापताना तो शब्द बदलणाऱ्याला मी मुद्रितशोधक म्हणणार नाही. पण त्यांच्यावर आज लेख लिहिणारा स्वतःच्या वाक्यात तो शब्द वापरतो, तेव्हा तो त्यांचा वारसा चालवत नसतो. त्याने फक्त १९४६ नंतर कान दिलेला नसतो.

डु बॉइस यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांनी माझ्यासारख्यांच्या विरुद्ध दिलेला युक्तिवादही सांगते, कारण याहून चांगला विरोध मला कुठे वाचायला मिळालेला नाही. १९२८ मध्ये इंडियानातल्या एका शाळकरी मुलाने त्यांच्या मासिकाला पत्र लिहिलं : 'निग्रो' हा गोऱ्यांनी आम्हाला कमी लेखण्यासाठी दिलेला शब्द आहे, तुम्ही तो का छापता? डु बॉइस यांनी उत्तरात त्याला जवळजवळ कान धरून समजावलं. नाव आणि वस्तू यांत गल्लत करू नकोस. लोक तुला तुच्छ मानत असतील, तर तुला 'कलर्ड' म्हटल्याने किंवा 'आफ्रो-अमेरिकन' म्हटल्याने ते कमी तुच्छ मानणार नाहीत. उद्या सगळ्यांनी मिळून नवा शब्द घेतला, तर तिरस्कार त्याच्यामागून चालत येईल.

हे खरं आहे. झालंही तसंच. सभ्य म्हणून आणलेला शब्द तिरस्काराच्या तोंडी पडला की काही दशकांत मळतो, मग नवा आणावा लागतो. पण डु बॉइस यांच्या उत्तरात एक गोष्ट सुटते असं मला वाटतं. त्या मुलाची तक्रार शब्द कोणी ठेवला याबद्दल होती. १९६६ च्या जूनमध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला चळवळीतले तरुण नेते स्टोकली कारमायकल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची हाक दिली तेव्हा त्यांनी कुठला गोंडस शब्द शोधला नाही. जो शब्द तोवर भांडणात तोंडावर फेकला जायचा, तोच उचलून छातीवर लावला. तिथे शब्द धुऊन काढला नव्हता, मालकी बदलली होती. पुढे डिसेंबर १९८८ मध्ये शिकागोच्या पत्रकार परिषदेत काळ्यांचे नेते जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन'चा पुरस्कार केला. आयरिश-अमेरिकन, इटालियन-अमेरिकन यांना मूळ भूमी असते, तशी आम्हालाही आहे, हे त्यामागचं म्हणणं. म्हणजे १८३५ मध्ये पाट्यांवरून काढलेला शब्द दीडशे वर्षांनी परत आला, कारण आता 'जा आफ्रिकेला' म्हणणाऱ्याची भीती उरली नव्हती.

सरकारं या सगळ्यात नेहमीच मागे असतात, आणि आपण निदान सरकारांच्या तरी बरोबरीने चालावं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणना अर्जावर 'निग्रो' छापलेला होता. काही म्हातारी माणसं स्वतःला तसंच म्हणवतात, असं कारण तेव्हा दिलं गेलं. २०१३ मध्ये तो काढायचं ठरलं. मे २०१६ मध्ये ओबामा यांनी सही केलेल्या एका कायद्याने १९७० च्या दशकातल्या दोन जुन्या कायद्यांतून (त्यांतला एक ऊर्जा खात्याचा) 'निग्रो' आणि 'ओरिएंटल' हे शब्द गेले. आपल्या काही प्रकाशकांची २०२५ सालची पुस्तकं या बाबतीत अमेरिकी ऊर्जा खात्याच्याही मागे आहेत.

आपण स्वतः या खेळात एकदा दुसऱ्या बाजूला होतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत 'हिंदू' हा एक वंश होता. धर्म नव्हे, वंश. पंजाबचा शीख, बंगालचा मुसलमान, महाराष्ट्रातून गेलेला विद्यार्थी, सगळे 'हिंदू'. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात लाकूडगिरण्यांतल्या आपल्याकडच्या मजुरांना जमावाने मारहाण करून हाकलून दिलं. ते बहुतेक शीख होते, तिथली वृत्तपत्रं मात्र त्यांना 'हिंदू' म्हणत होती आणि त्या शब्दाचा सूर काय होता हे वेगळं सांगायला नको. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख माणसाला नागरिकत्व नाकारलं, तेही 'हिंदू' म्हणूनच. आज या शब्दावर आपल्याकडे किती रान उठतं! तेव्हा तो दुसऱ्यांच्या हातात होता आणि त्यांना तपशिलाची गरज वाटली नव्हती. 'सगळे निग्रोच ना' म्हणणाऱ्या डेस्कवर मी ही गोष्ट नेहमी सांगते.

आणि आपल्याला हे सगळं परकं आहे असंही नाही. गांधीजींनी 'हरिजन' रूढ केला तेव्हा हेतू चांगला होता, पण ज्यांना तो दिला त्यांनी तो मागितला नव्हता. आंबेडकरी समाजाने तो कधीच स्वीकारला नाही. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी 'दलित पँथर' नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाकडे पाहून. म्हणजे 'ब्लॅक' शब्दाची नवी किंमत काय, हे मराठीला पन्नास वर्षांपूर्वीच कळलं होतं. ते चळवळीला कळलं, पण बातमीच्या टेबलापर्यंत आलं नाही. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने वाहिन्यांना 'दलित'ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणा असं सुचवलं, तेव्हा वरून आलेला शब्द किती टोचतो ते तुमच्यातल्याच अनेकांनी लिहिलं होतं.

मग लिहायचं काय? इथे माझं मत थोडं अडचणीचं आहे. 'कृष्णवर्णीय' हा शब्द मराठीत बऱ्यापैकी बसला आहे आणि तो वापरणाऱ्याला मी अडवत नाही. पण तो संकोचातून आलेला शब्द आहे. 'काळा' म्हणायला जीभ अडते, कारण 'काळा' म्हणजे कमी हे आपल्याच घरात, लग्नाच्या जाहिरातीत, पावडरच्या डब्यावर शिकवलं जातं. मग आपण संस्कृतची चादर ओढून घेतो. ज्यांनी 'ब्लॅक' हा शब्द ताठ मानेने घेतला, त्यांच्यासाठी 'काळे अमेरिकन', 'काळे लेखक', 'काळ्यांची चळवळ' असं लिहिलेलं मला जास्त प्रामाणिक वाटतं. गोरा म्हणतो तेव्हा 'श्वेतवर्णीय' म्हणतो का आपण? मथळ्यात 'गोरा पोलीस' आणि 'कृष्णवर्णीय नागरिक' शेजारी शेजारी येतात तेव्हा एकाला साधा शब्द आणि दुसऱ्याला सोवळं नेसवलेलं असतं.

मात्र संदर्भ सुटला तर 'काळा' टोचतो, हेही खरं. जून २०२० मध्ये वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितलं, की आयपीएल खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'कालू' म्हणून हाक मारायचे, आणि त्याला वाटायचं की याचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी असावा. खरा अर्थ कळल्यावर तो संतापला. नंतर एका सहकाऱ्याशी बोलून आपलं समाधान झालं, ते प्रेमाने म्हटलं होतं असं त्याने सांगितलं आणि विषय मिटवला. तो मोठ्या मनाचा म्हणायचा. पण प्रेमाने म्हणायचं होतं तर अर्थही सांगता आला असता. एकवचनी 'काळू', 'काळ्या' ही हाक आणि अनेकवचनी, स्वतः निवडलेलं 'काळे' यांत जे अंतर आहे ते मराठी माणसाच्या कानाला बरोबर कळतं, त्यासाठी शैलीपुस्तिका लागत नाही.

'आफ्रिकन-अमेरिकन' मात्र जपून. तो अमेरिकेपुरता आहे. लंडनच्या काळ्या खासदाराला, जमैकाच्या धावपटूला किंवा पुण्यात शिकणाऱ्या सुदानी मुलाला तो लावला की हसू येतं, आणि हे मी छापील मजकुरात पाहिलं आहे.

एक बाजूची गोष्ट. बलवानांना दिलेली नावं मळत नाहीत. शिवकाळात मराठीत युरोपियनांना 'टोपीकर' म्हणत, पोर्तुगिजांना 'फिरंगी'. यात आदर होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्या शब्दांनी कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला पाणवठा बंद झाला नाही, म्हणून आज 'फिरंगी' नुसता गमतीचा शब्द उरला आहे. 'गोऱ्यांना गोरे म्हटलं तर चालतं, मग यांनाच का राग?' याचं उत्तर इथे आहे.

बाकीच्या शब्दांबद्दल थोडक्यात. 'रेड इंडियन' सोडा. अमेरिकेत बरेच वयस्क आदिवासी स्वतःला 'इंडियन' म्हणवतात, पण त्यातला 'रेड' कुणालाच नको. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने आपलं तसलं नाव जुलै २०२० मध्ये टाकलं, आणि २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने आदिवासी स्त्रियांना हिणवणारा एक शब्द साडेसहाशेच्या आसपास डोंगर-ओढ्यांच्या नावांतून काढला. शक्य असेल तिथे जमातीचं नाव द्या : नावाहो, लाकोटा, चेरोकी. एरवी 'अमेरिकेतले आदिवासी' छान आहे. 'मूलनिवासी' म्हटलं की आपल्याकडे वेगळंच राजकारण डोक्यात येतं. 'एस्किमो'च्या जागी कॅनडा आणि ग्रीनलंडसाठी 'इनुइट' लिहा, पण अलास्कातले युपिक लोक इनुइट नाहीत, त्यांना युपिकच म्हणा. 'जिप्सी' हा शब्द मराठीत फारच गोड झाला आहे, भटका, मनस्वी वगैरे. युरोपात तो शब्द आणि त्याचे जर्मन भाऊबंद छळछावण्यांपर्यंत पोचले होते. १९७१ च्या त्यांच्या पहिल्या जागतिक परिषदेने 'रोमा' हे नाव घेतलं. ब्रिटनमधले काही जण मात्र अजून अभिमानाने जिप्सीच म्हणवतात, तेव्हा तिथली बातमी असेल तर विचारून लिहा.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर माझा विशेष राग आहे. तिथे अजून 'निग्रॉइड, मंगोलॉइड, कॉकेसॉइड' असा तक्ता असतो आणि त्याखाली केस, नाक, ओठ यांची वर्णनं. भारतासाठी मानववंशशास्त्रज्ञ बी. एस. गुहा यांनी १९३० च्या दशकात केलेलं वर्गीकरण आजचं विज्ञान असल्यासारखं पाठ करून घेतात. माणसांचे असे ठोकळे पाडण्याविरुद्ध युनेस्कोने १९५० मध्येच निवेदन काढलं होतं. परीक्षेत प्रश्न येतो म्हणून तक्ता ठेवायचा असेल तर ठेवा, पण वर 'हे वर्गीकरण १९३० च्या दशकातलं असून आज मानलं जात नाही' एवढी ओळ छापा. उद्या याच तक्त्यावर पाठांतर केलेली मुलं पोलीस खात्यात आणि तहसील कचेरीत बसणार आहेत, आणि ईशान्य भारतातली मुलगी तक्रार घेऊन त्यांच्यासमोर उभी राहणार आहे.

राहिला आपला जुना शब्द, 'हबशी'. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया, तिथून आलेला तो हबशी. जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत. १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे त्याने निजामशाही चालवली. बखरीत हा शब्द येतो तिथे तो राहू द्या. पण आज ज्यांचे पूर्वज तिथून आले त्यांचं स्वतःचं नाव सिद्दी आहे. उत्तर कन्नडातल्या हल्याळ, यल्लापूर भागात राहणारे सिद्दी घरात कोकणी बोलतात, म्हणजे तुमचा मजकूर त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हाती पडण्याची शक्यता शिकागोपेक्षा किती तरी जास्त आहे. कर्नाटकात २००३ पासून ते अनुसूचित जमातींत आहेत. 'आफ्रिकी वंशाचे भारतीय' म्हणून त्यांच्यावर दरवर्षी कुठे ना कुठे रंगीत पुरवणी निघते, आणि त्यांना 'भारतातले निग्रो' म्हटलं जातं. ते भारतातले सिद्दी आहेत.

शेवटी शहर पानाबद्दल. नवी मुंबई, नालासोपारा, गोव्याची किनारपट्टी इथून अमली पदार्थांची बातमी आली, की पकडलेला काळा माणूस डोळे झाकून 'नायजेरियन' होतो. नंतर पासपोर्ट पाहिला की तो कधी आयव्हरी कोस्टचा निघतो, कधी टांझानियाचा, आणि दुरुस्ती कुणी छापत नाही. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस गोव्यात एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या संतापलेल्या देशबांधवांनी महामार्ग अडवला आणि त्यावर एका मंत्र्याने त्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली, ते आठवत असेल. 'नायजेरियन' हे एका देशाच्या नागरिकांचं साधं नाव आहे. ते आपल्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत शिवी होत चाललं आहे, आणि यात अमेरिकेचा काही दोष नाही. पोलिसांच्या पत्रकात देश दिलेला असेल तर तो छापा. नसेल तर ठाण्यात फोन करून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत 'परदेशी नागरिक' लिहा. आवृत्ती सुटायला तेवढा वेळ असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मुद्रितशोधक